फायरवॉलवरची ३८ भोकं: रंग खरवडण्याआधी नकाशा करतेय, मदत हवी

त्रिज्या | ६ एप्रिल, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,

मामाची ट्रायम्फ स्पिटफायर, ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, आता माझ्या ताब्यात आली आहे. मार्क ३ (म्हणजे तिसरी आवृत्ती), १९६८ची. मामाने ती १९७९मध्ये कुलाब्यातल्या एका गृहस्थांकडून घेतली आणि पुढं पंचवीस-तीस वर्षं चरईतून हौसेने चालवली. २००९मध्ये रंगकामासाठी एका गॅरेजला दिली. त्यांनी पुढचं निम्मं सामान सोडवलं, चार गोणपाटांत भरलं, आणि काम तिथेच अडकलं. एकही फोटो नाही, एकाही वायरीला चिठ्ठी नाही. शेवटी मामाने गाडी टोचन करून परत आणली. तेव्हापासून ती सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. आता वागळे इस्टेटमध्ये ओळखीच्या शेडमध्ये जागा मिळाली आहे. मामा ८१ वर्षांचा आहे, त्यामुळे ही गाडी रस्त्यावर यायला अजून दहा वर्षं लागलेली मला चालणार नाहीत.

प्रश्न फायरवॉलचा आहे. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधला हा उभा पत्रा. इंग्रज लोक त्याला बल्कहेड म्हणतात, आपल्याकडचे जुने मिस्त्री पार्टिशनही म्हणतात. स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे कलतं, त्यामुळे हा पत्रा डोक्यापासून पायापर्यंत समोर येतो. आणि गाडीत जे जे म्हणून आतून बाहेर जातं ते सगळं याच पत्र्यातून जातं: स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर, ॲक्सिलरेटरची जोडणी, चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल, टॅकोमीटरची केबल (या गाडीत टॅकोमीटर वायरीवर नाही, डिस्ट्रिब्युटरवरून निघणाऱ्या केबलवर फिरतो), हीटरचे दोन पाइप, वॉशरची नळी आणि वायरिंगचा मुख्य जुडगा. शिवाय बॅटरी याच पत्र्याच्या मधल्या खोबणीत बसते. वायपरची मोटर, स्टार्टरचा सोलेनॉइड, डायनॅमोचा रेग्युलेटर हेही यावरच.

मी मोजली तेव्हा ३८ भोकं निघाली. त्यातली १९ रिकामी आहेत, कारण त्यांतलं सामान गोणपाटात आहे. कुठलं सामान कुठल्या भोकात होतं, आणि कुठलं भोक कारखान्यातलं आणि कुठलं नंतर कुणी पाडलेलं, हे मला रंग खरवडण्याआधी ठरवायचं आहे. एकदा पत्रा उघडा करून प्रायमर मारला की खुणा गेल्या. आणि पावसाच्या आत प्रायमर लागलाच पाहिजे. ठाण्यातल्या जुलैच्या हवेत उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस गंज धरतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी टूलरूममध्ये २२ वर्षं ड्राफ्टिंग केलं आहे, म्हणून पद्धत अशी धरली आहे. दोन वायपरच्या आसांवर ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी घट्ट बसवली. ती माझी आधाररेषा. उजव्या आसाचं केंद्र हा शून्य बिंदू. पट्टीवर गुण्या लावून प्रत्येक भोकाचं आडवं आणि उभं अंतर. ओळंबा मुद्दाम वापरला नाही, कारण गाडी जॅकवर आहे आणि जमिनीचा भरवसा नाही. संदर्भ गाडीचाच हवा, आणि तोही जिथे वेल्डिंग होणार नाही अशा जागेचा. पडताळणीसाठी तिसरा बिंदू म्हणून स्टिअरिंगच्या भोकाचं केंद्र घेतलं आहे.

सगळी मापं इंचांतही घेतली. या गाडीत नट-बोल्ट इंची आट्यांचे आहेत आणि भोकं पाव इंच, पाच सोळांश अशी येतात. मिलिमीटरमध्ये लिहिलं की ६.३५ दिसतं आणि माणूस ६.५चं ड्रिल उचलतो.

आणखी काय नोंदवायला हवं? आणि मूळ भोक ओळखायचं कसं?

---

किनारा९१ | ६ एप्रिल, सकाळी १०:४०

अभिनंदन! एक शंका. कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आकृत्या असतातच ना? मग एवढं मोजमाप कशासाठी?

---

त्रिज्या | ६ एप्रिल, सकाळी ११:०५

आहेत, आणि माझ्याकडे प्रतही आहे. पण मॅन्युअलमधली वायरिंगची आकृती कोणती वायर कुठून निघून कुठे जोडायची ते सांगते, ती पत्र्यावर कुठून वळते ते नाही. सुट्या भागांच्या चित्रांत प्रत्येक भाग हवेत तरंगत असतो. क्लिप कुठे होती, जुडगा मास्टर सिलिंडरच्या वरून गेला की खालून, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) कोणत्या मापाचं, हे गाडीच सांगू शकते. शिवाय उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मांडणी आरशातल्यासारखी उलटते, आणि इंटरनेटवरचे बहुतेक फोटो अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे असतात. त्यावरून काम केलं तर वायपरची मोटर चुकीच्या बाजूला जाईल.

---

पत्राकाम | ६ एप्रिल, रात्री ९:५०

ताई, मी कळव्याला डेंटिंगचं काम करतो, तीस वर्षं झाली. मूळ भोक ओळखायच्या तीन खुणा सांगतो.

पहिली, बोट फिरवा. कारखान्यात भोक पंचाने पाडतात. पंच ज्या बाजूने शिरतो तिथली कड किंचित गोलसर आत वळते आणि दुसऱ्या बाजूला धार राहते. भोवतालच्या सगळ्या मूळ भोकांची धार एकाच बाजूला येते, कारण पत्रा एकदाच प्रेसखाली गेलेला असतो. नंतर कुणी ड्रिल मारलं तर बर (भोकाच्या कडेला उरलेली पत्र्याची धार) वेगळी असते, खडबडीत, आणि बऱ्याचदा उलट बाजूला, कारण माणूस आतून पाय पसरून बसून भोक पाडतो. भोक अगदी गोलही नसतं. पातळ पत्र्यात हातड्रिल तिकोनी भोक पाडतं.

दुसरी खूण रंग. भोकाच्या आतल्या कडेला भिंग लावून बघा. मूळ भोक रंगाच्या आधी पाडलेलं असतं, म्हणून कडेच्या आतही सगळ्यात खाली कारखान्याचा रंग सापडतो. नंतरच्या भोकाच्या कडेला तो रंग नसतो.

तिसरी, वॉशरची सावली. नटाखाली वॉशर वर्षानुवर्षं बसलेला असला की तेवढ्या गोलात रंग वेगळा उरतो. सामान गोणपाटात गेलं तरी सावली पत्र्यावर राहते. ब्रॅकेटचा पूर्ण आकार मिळतो. तिरका उजेड टाका, टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून धरा, मग दिसेल.

आणि पॉलिश पेपर लावायच्या आधी हे करा. हात जोडून सांगतो. माझ्याकडे लोक गाडी घेऊन येतात तेव्हा आधीच्याने लांबी (पुट्टी) भरून सगळी भोकं बुजवलेली असतात, मग मला अंदाजाने पाडावी लागतात.

---

त्रिज्या | ६ एप्रिल, रात्री १०:२२

दादा, हे सोनं आहे. उद्याच भिंग घेऊन बसते.

---

वायरमन_तुर्भे | ७ एप्रिल, सकाळी ७:१५

वायरिंग जुनंच असेल तर एकही वायर कापू नका, आणि रंग खरवडण्याआधी जुडगा बाहेर काढायचा असेल तर आधी हे वाचा.

या काळातल्या इंग्लिश गाड्यांचं वायरिंग लुकास या इंग्लिश कंपनीच्या रंगसंकेतावर असतं, आणि तो संकेत एकदा डोक्यात बसला की अर्धी गाडी डोळे मिटून वाचता येते. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, चावी असो वा नसो. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, फ्यूजशिवाय. हिरवी म्हणजे चावीवरचा पण फ्यूजमधून आलेला. जांभळी म्हणजे कायमचा करंट, फ्यूजमधून. निळी हेडलाइटची, निळी-पांढरी वरचा बीम, निळी-लाल खालचा. लाल साइड आणि टेल लॅम्पची. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा. काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची वायर.

अडचण ही की ५० वर्षांत इंजिनकडच्या बाजूला सगळ्याच वायरी तपकिरी दिसायला लागतात. तेव्हा रंग फायरवॉलच्या आतल्या बाजूला, डॅशबोर्डखाली बघा. तिथे तेल-उष्णता पोचलेली नसते. किंवा कनेक्टरची रबरी नळी मागे सरकवा, तिच्याखाली मूळ रंग ताजा मिळतो. ही गोळीसारखी टोकं ४.७ मिमीची असतात, तशीच नवीन मिळतात, सोल्डर करून किंवा त्यांच्या खास पकडीने दाबून बसवा.

चिठ्ठ्या कागदी टेपच्या लावू नका. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत दोन महिन्यांत गोंद सुटतो आणि चिठ्ठ्या खाली पडलेल्या सापडतात. हीट-श्रिंक नळीवर छापून घ्या, लोहार चाळीत मिळते. नंबर तुमच्या नकाशातल्या भोकाच्या नंबरशी जोडा: "भोक १४, वायर ३" असं.

अर्थचे बिंदू वेगळ्या रंगाने दाखवा. लोक नेहमी हेच विसरतात. फायरवॉलवर जिथे काळी वायर किंवा बॅटरीचा पट्टा बोल्टने बसतो तिथे पत्रा उघडा हवा, दातेरी वॉशर हवा. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, म्हणून इंजिनपासून बॉडी-चासीपर्यंत अर्थची वेणी लागते. रंगारी प्रेमाने सगळीकडे रंग मारतो, अर्थ तुटतो, आणि स्टार्टरचा करंट परतीचा रस्ता शोधत चोकच्या केबलमधून जातो. एका गाडीची चोकची केबल अशी तापून तिचं आवरण वितळलेलं मी स्वतः बघितलं आहे. मालकाने तोवर दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या.

मार्क ३ निगेटिव्ह अर्थची असते, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, आधीच्या दोन मार्क पॉझिटिव्ह अर्थच्या. तरीही बॅटरीची टोकं, रेग्युलेटरवरची खूण, सगळं एकदा तपासून नकाशावर लिहा. मध्ये कुणी बदल केला असेल तर कळायला हवं.

---

अमोघ_ऐरोली | ७ एप्रिल, दुपारी १:३०

वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझ्या मते जुनं वायरिंग काढून पूर्ण नवीन घालावं. आठ-दहा फ्यूजचा आधुनिक बॉक्स, हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा खटका), डायनॅमोऐवजी अल्टरनेटर. १९६८च्या गाडीत फ्यूज फार थोडे आणि हेडलाइटचा पूर्ण करंट डॅशबोर्डच्या खटक्यातून. मुंब्रा बायपासवर रात्री ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर डायनॅमो मंद इंजिनवर काही भरत नाही. मामांना गाडीत बसवायचं आहे ना? मग सुरक्षितता आधी, कारखान्याची भोकं नंतर.

---

हेरल्ड_डोंबिवली | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:५५

अमोघ, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याच्यासाठीच नकाशा लागतो. रिले घाला, फ्यूज वाढवा, पण ते मूळ भोकांत, मूळ ब्रॅकेटवर बसवता येतात. नवीन भोक पाडायची गरज नकाशा नसल्यामुळे पडते. माझ्या गाडीत हेडलाइटचे रिले मी डॅशबोर्डखाली आतल्या बाजूला बसवले. फायरवॉलला हातही लावला नाही.

ओळख: माझ्याकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे, मद्रासची. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१पासून ती तिथे बनवली, ९४८ सीसीचं इंजिन. स्पिटफायरची चासी हेरल्डच्याच चासीवरून, आखूड करून घेतलेली, आणि दोन्हींचं रूप जिओव्हानी मिकेलॉत्ती यांनी आखलेलं. म्हणजे तुमची गाडी कॉव्हेंट्रीच्या कॅनलीची आणि माझी मद्रासची, तरी चुलत बहिणी आहेत. फायरवॉलचा पत्रा तोच नाही, माप जुळणार नाही, पण मांडणीमागचा विचार तोच. येऊन बघा.

तुमच्या रिकाम्या भोकांपैकी काहींचं उत्तर कदाचित सोपं आहे. ट्रायम्फ या गाड्या दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगच्या बनवायची, म्हणून पत्र्याला दोन्हीकडे जागा ठेवलेली असते. न वापरलेल्या बाजूला झाकणपट्टी. तुमच्या डाव्या बाजूला, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या समोरासमोर, झाकणपट्ट्या किंवा त्यांच्या स्क्रूची भोकं आहेत का बघा. गॅरेजने पट्ट्या काढल्या असतील तर ती भोकं तुम्हाला "अनोळखी" वाटत असतील.

दुसरी गोष्ट, कागदपत्रांची. केंद्राने २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच. तुम्हाला ही नोंदणी हवी की नाही ते ठरवा, पण दोन्ही परिस्थितींत तारखेसह फोटो आणि नकाशा जवळ असू द्या. उद्या पत्रा कापून तुकडा जोडलात आणि कुणी विचारलं की मूळ काय होतं, तर दाखवायला कागद हवा.

---

सुलभा_नौपाडा | ७ एप्रिल, रात्री ८:४०

मी कारखान्यांच्या हवेतील धूळ तपासण्याच्या कामात होते, म्हणून एक विनंती. फायरवॉलच्या आतल्या बाजूला जी जाड राखाडी पट्टी किंवा फेल्टसारखी चादर असते ती सुकी ओरबाडू नका. त्या काळच्या उष्णतारोधक चादरी, गॅस्केट, ब्रेक लायनिंग यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावं. आधी पाण्याचा फवारा मारून ओली करा, अखंड काढा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. कापडी मास्क किंवा रुमाल याला उपयोगाचा नाही. कणांसाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घ्या. त्या वयाच्या रंगात शिसंही असू शकतं, म्हणून ग्राइंडरने कोरडं घासण्यापेक्षा रसायनाने रंग सोडवणं किंवा पाण्याने घासणं बरं. शेडमध्ये दुसरे लोकही काम करत असतील, त्यांनाही सांगा.

काढण्याआधी त्या चादरीचाही फोटो आणि बाह्याकार घ्या. तिच्यावर भोकांचे छाप उमटलेले असतात.

---

त्रिज्या | २० एप्रिल, रात्री ११:१०

सविस्तर लिहिते. सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात.

आधी फोटोंबद्दल. फोनने जवळून काढलेले फोटो निरुपयोगी ठरले. रुंद लेन्समुळे कडेची भोकं लंबगोल दिसतात आणि अंतर फसवं येतं. मग फोन स्टँडवर लावून दोन मीटर मागे नेला, दुपटीचा झूम घेतला, पत्र्याच्या पातळीतच स्टीलची फूटपट्टी चिकटवली आणि प्रत्येक भोकाशेजारी खडूने नंबर लिहिला. प्रत्येक चौकटीचे दोन फोटो: एक समोरून सपाट उजेडात, एक तिरक्या उजेडात. तिरक्या उजेडाने जे दाखवलं ते बघून मी दहा मिनिटं नुसती उभी होते. रेग्युलेटरची पूर्ण सावली, चारही कोपरे. सोलेनॉइडच्या दोन बोल्टची सावली. क्लिपांच्या तीन पुसट रेघा, ज्यांवरून वायरिंगचा जुडगा बॅटरीच्या खोबणीवरून कसा वळला होता ते थेट वाचता आलं.

फायरवॉल सपाट नाही. बॅटरीची खोबणी, मधला बोगद्याचा भाग आणि दोन्ही बाजूंचे पाय असे वेगवेगळे कोन आहेत. म्हणून एकाच कागदावर ट्रेसिंग होत नाही. जाड ट्रेसिंग पेपरचे पाच तुकडे केले, प्रत्येक पातळीसाठी एक, आणि मऊ शिसपेन्सिलीने घासून भोकांच्या कडांचे ठसे घेतले. नाण्याचा ठसा लहानपणी घेतो तसेच. या ठशांमध्ये मापात न येणारी गोष्ट येते: भोकाचा खरा आकार. तिकोनी झालेलं भोक ठशावर तिकोनी दिसतं. हे पाचही तुकडे आधाररेषेशी जोडून संगणकावर चढवले आणि प्लॉटरवर पूर्ण मापात छापून घेतले. छापील कागद परत पत्र्यावर धरून बघितला. एका जागी कागद दमट होऊन ताणला होता, तिथे मापं वहीतली धरली. कागदावर कधीच पूर्ण विसंबायचं नाही हे टूलरूमने शिकवलं आहे, म्हणून आकडे वहीत आहेतच.

आता पत्राकाम दादांची परीक्षा. मामाने गाडी घेतली तेव्हाच ती पांढरी होती, म्हणून आम्ही सगळे तिला पांढरीच समजत होतो. भिंगाखाली स्टिअरिंगच्या भोकाच्या कडेत पांढऱ्याच्या खाली लाल निघाला. मग कमिशन प्लेट (गाडीचा नंबर आणि रंगाचा आकडा असलेली कारखान्याची पाटी) रॉकेलने पुसली. नंबर एफडीने सुरू होतो, म्हणजे मार्क ३ नक्की, आणि रंगाच्या चौकटीत ३२. ट्रायम्फच्या यादीत ३२ म्हणजे सिग्नल रेड. पांढऱ्याचा आकडा १९ असता. गाडी लाल जन्मली होती.

आणि त्यामुळे भोकांची वयं कळली! ज्या कडेत तळाला लाल आहे ते कारखान्यातलं. जिथे लाल नाही पण पांढरा आहे, ते लाल आणि पांढऱ्याच्या मधल्या काळात, म्हणजे १९७९च्या आधी कुणी पाडलेलं. जिथे काहीच रंग नाही, नुसता गंज, ते पांढऱ्या रंगानंतरचं, म्हणजे मामाच्या काळातलं. ३८पैकी ३१ लाल, ४ पांढरी, ३ कोरी. दादांनी सांगितलेली बर या सातही भोकांना इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे सातही आतून पाडलेली. दोन वेगळ्या खुणा एकच उत्तर देतात तेव्हा मला समाधान वाटतं.

तीन कोऱ्या भोकांचा कागद घेऊन मामाकडे गेले. विचारलं, "मामा, डाव्या बाजूला वायपरच्या मोटरखाली तू काही बसवलं होतंस का?" त्याने चष्मा लावला, बराच वेळ कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "फॉग लॅम्पचा रिले. ८१च्या पावसात खंडाळ्याच्या घाटात काही दिसेना, तुझी मामी शेजारी, तुझी आई मागे तिरकी बसलेली. आल्यावर दुसऱ्या दिवशी लावले." दोन भोकं रिलेची, एक वायरीचं. आणि लॅम्प माळ्यावर आहेत, पितळी कड्यांचे, कागदात गुंडाळलेले.

डोंबिवलीला जाऊन हेरल्ड बघितली. काकांनी बॉनेट उघडून तीन तास दिले. झाकणपट्ट्यांबद्दल त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं: माझ्या डावीकडची सहा "अनोळखी" भोकं डाव्या स्टिअरिंगच्या जागेवरच्या झाकणांची आहेत, सहाही लाल कडेची. तिसऱ्या गोणपाटाच्या तळाशी दोन चपट्या पट्ट्या सापडल्या, ज्या मी भंगार म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. भोकांवर ठेवल्या, बसल्या.

सुलभाताई, आतली चादर ओली करून अखंड निघाली. तिच्यावर उमटलेल्या छापांतून पेडलच्या वरच्या क्लिपची जागा मिळाली, जी पत्र्यावर दिसतच नव्हती.

---

वायरमन_तुर्भे | २१ एप्रिल, सकाळी ६:५०

रंगाच्या थरांवरून भोकांचं वय! हे मी माझ्या पोरांना शिकवणार. अर्थचे बिंदू किती निघाले?

---

त्रिज्या | २१ एप्रिल, सकाळी ८:३०

फायरवॉलवर चार. एक बॅटरीच्या पट्ट्याचा, एक वायपर मोटरचा, दोन जुडग्यातल्या काळ्या वायरींचे. नकाशावर हिरव्या वर्तुळात दाखवले आहेत आणि शेजारी लिहिलं आहे: "रंग नाही, दातेरी वॉशर." रंगाऱ्याला फक्त सांगून भागणार नाही, म्हणून प्रायमरआधी त्या भोकांत बोल्ट घालून वॉशरएवढी जागा झाकून ठेवणार आहे.

---

अमोघ_ऐरोली | २१ एप्रिल, सकाळी ९:४५

माझं मत थोडं बदललं. रिले डॅशबोर्डखाली, फायरवॉल मूळ. पटलं. पण ब्रेकच्या पाइपांबद्दल तडजोड नको, नवीनच घाला. आणि मास्टर सिलिंडरखालचा पत्रा नीट तपासा. ब्रेक फ्लुइड रंग सोलतं आणि मग तिथूनच गंज लागतो.

---

त्रिज्या | २१ एप्रिल, सकाळी १०:१०

ब्रेकचे पाइप, होज, सिलिंडरचे रबर सगळं नवीन, त्यात चर्चाच नाही. आणि तुम्ही म्हणता तसंच झालं आहे: दोन्ही सिलिंडरखाली तळहाताएवढा भाग सडला आहे. बॅटरीच्या खोबणीचा तळ तर ॲसिडने चाळणी झाला आहे. या दोन जागी पत्रा कापून नवीन घालावा लागेल. मापं घेऊन ठेवली म्हणून आता कापायची भीती नाही.

---

किनारा९१ | २१ एप्रिल, दुपारी १२:२०

त्या सात नंतरच्या भोकांचं काय करणार? बुजवणार?

---

हेरल्ड_डोंबिवली | २१ एप्रिल, दुपारी ४:०५

माझा सल्ला सातही वेल्डिंगने बुजवा. लांबीने नको, लांबी फुगते आणि गळते. पत्र्याच्याच जाडीची चकती कापून टाके मारा.

---

त्रिज्या | २१ एप्रिल, रात्री ९:१५

काका, चार पांढरी बुजवते, तुमच्या पद्धतीने. तीन कोरी ठेवते. मामाला ते लॅम्प परत लागलेले बघायचे आहेत. नकाशावर त्यांच्याभोवती तुटक रेघेचं वर्तुळ काढलं आहे आणि बाजूला "१९८१" लिहिलं आहे, म्हणजे पुढे कुणाच्याही हाती हा कागद गेला तरी ती कारखान्याची समजली जाणार नाहीत.

---

त्रिज्या | २४ मे, संध्याकाळी ७:३०

पत्राकाम झालं. पत्राकाम दादा स्वतः वागळे इस्टेटला तीन रविवार आले. बॅटरीच्या खोबणीचा नवा तळ त्यांनी हाताने वाकवला आणि पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने जुळवून घेतली, कारण जाड पत्र्यात जुन्या मापाचं ग्रोमेट बसत नाही.

प्रायमरआधी ॲल्युमिनियमची पट्टी परत वायपरच्या आसांवर चढवली आणि सगळी मापं पुन्हा घेतली. स्टिअरिंगचं केंद्र जागेवर. मास्टर सिलिंडरचे बोल्ट जागेवर. खोबणीच्या शेजारचं हीटरच्या पाइपाचं एक भोक मात्र तीन मिलिमीटर खाली आलं होतं, वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला गेल्यामुळे. डोळ्याला काहीच कळत नव्हतं. हीटरचा डबा बसवायला गेल्यावर कळलं असतं, रंगानंतर. दादांनी हातोडी आणि ठोकळ्याने पत्रा परत ताणला, पुन्हा मोजलं, अर्धा मिलिमीटर उरला. तो चालेल, ग्रोमेट सांभाळून घेतं.

काल प्रायमर लागला. हिरव्या वर्तुळांतले चारही बोल्ट जागच्या जागी आहेत.

---

पत्राकाम | २४ मे, रात्री ८:४५

ताई, वरचा रंग कोणता ठरला? रंगारी विचारतोय.

---

त्रिज्या | २४ मे, रात्री ९:०२

सिग्नल रेड. मामा म्हणाला, "मी तिला ३० वर्षं पांढरीच समजत होतो, आता मला ती लाल बघायची आहे."